रंग ओला आहे, हात लावू नये

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. फक्त कामाची नोंद. भावनिक काही लिहायचं नाही. तो प्रकार मला जमत नाही आणि त्याची गरजही नाही.

पार्श्वभूमी एकदाच लिहितो. हिला जाऊन आठ महिने झाले. लेकीचं म्हणणं, बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे या. फ्लॅट भाड्याने द्यायचा. एक तारखेला भाडेकरू येणार. नवराबायको, दोघंही बँकेत. लेक एकोणतीसला मला न्यायला येते. माझी अट एकच: बेडरूमचं दार आणि चौकट रंगवून झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. चार वर्षं ही मागे लागली होती, चौकट रंगवा म्हणून. मी म्हणायचो, रविवारी करतो. रविवार आठवड्यातून एकदाच येतो, त्याला मी काय करणार.

रंग वाळला की निघायचं, असं फोनवर ठरलं. लेकीने विचारलं, वाळायला किती वेळ लागतो? म्हटलं, डब्यावर सहा तास लिहिलंय, आपण बारा धरू.

पेंटर लावणार नाही. बाटल्यांच्या बुचांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. माझ्या हाताखालून एकही गळकं बूच गेलेलं नाही.

४ मार्च, मंगळवार. दुपारी ४.००

दार आणि चौकट सोड्याच्या पाण्याने धुतली. वरची पट्टी, उजवी बाजू, दार दोन्ही अंगांनी. तीनदा पाणी बदललं, तिन्ही वेळा काळंकुट्ट निघालं. डावी बाजू तेवढी स्वच्छच होती म्हणून सोडली. उगाच लाकडाला पाणी पाजण्यात अर्थ नाही.

समोरच्या वहिनी डोकावून गेल्या. हिची मैत्रीण. आमची डुप्लिकेट किल्ली हिने त्यांच्याकडे ठेवलेली आहे, ती परत मागायचं राहून जातं. त्यांनी विचारलं, पॉलिश पेपर मारला का. म्हटलं, वहिनी, मी क्वालिटीतला माणूस आहे. मारला नव्हता.

५ मार्च, बुधवार. सकाळी १०.३५

पहिला हात पूर्ण. ऑफ-व्हाइट. एकही ओघळ नाही. (दोन आहेत, पण मागच्या अंगाला.) चौकट नव्यासारखी दिसते. हिने बघायला हवी होती.

वरचं शेवटचं वाक्य कामाचं नाही. खोडावं.

६ मार्च, गुरुवार

दार: खडखडीत वाळलं. वरची पट्टी: वाळली. उजवी बाजू: वाळली. डावी बाजू: चिकट.

चिकटपणाचं एक माप तयार केलं, शून्य ते पाच. शून्य म्हणजे कोरडं, पाच म्हणजे माशी बसली तर तिचा मुक्काम कायमचा. डावी बाजू सध्या ४. तपासणी अंगठ्याने, सकाळी सात आणि संध्याकाळी सात.

कारण: हवा दमट आहे.

७ मार्च, शुक्रवार

हवा दमट नाही. वहिनींचे कपडे गॅलरीत तासाभरात वाळले, हे त्यांनी न विचारता सांगितलं. नवं कारण: दुकानातल्या मशीनने डबा नीट हलवला नाही.

रंगात माझ्या अंगठ्याचे चार ठसे उठलेत. दुसऱ्या हातात झाकले जातील.

८ मार्च, शनिवार

डाव्या बाजूला दुसरा हात दिला. ओल्यावरच. डब्यावर ‘पहिला हात पूर्ण वाळल्यावर’ असं छापलंय, पण त्या सूचना नवशिक्यांसाठी असतात.

९ मार्च, रविवार

माप ५. आजवर चिकटलेल्या वस्तू: एक माशी, शर्टाची उजवी बाही, वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी. पुरवणी ओढून काढली तर राशिभविष्याची शाई चौकटीवर उलटी उमटून राहिली. आरसा धरून वाचलं. ‘जुन्या व्यक्तीची भेट’ एवढंच लागतं. पुढचं माशीखाली आहे.

चौकटीवर पाटी लावली: ‘रंग ओला आहे, हात लावू नये.’ घरात मी एकटाच असतो, पण शिस्त ती शिस्त. पाटी नवी करावी लागली नाही. कपाटात एक जुनी सापडली, माझ्याच अक्षरातली, ‘हात लावू नये’ एवढीच. तिच्यावर सुरुवातीचे तीन शब्द वाढवले. जुनी पाटी कशासाठी केली होती ते आठवत नाही.

१० मार्च, सोमवार

हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्याने डबा फिरवून बघितला. म्हणाला, याच लॉटचे चाळीस डबे गेले, एकाची तक्रार नाही. मग विचारलं, खाली काय होतं? तेल, मेण, मलम? तेलकटावर रंग बसतो, पण वाळत नाही. म्हटलं, खाली काही नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. क्वालिटीत असताना मी ऑपरेटरकडे असंच बघायचो.

त्याने थिनर, चिंध्या आणि पॉलिश पेपर बांधून दिले. सगळं पुसून काढा, घासा, एक हात मारा, अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणाला. उद्धट माणूस. सामान आणून कपाटावर ठेवलं. उद्या करतो.

११ मार्च, मंगळवार

पॉलिश पेपरचा नंबर चुकीचा वाटतो. उद्या.

१२ मार्च, बुधवार

मला धुळीची ॲलर्जी असू शकते. आजवर नव्हती, पण ती कधीही होते म्हणतात. उद्या.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ६.२०

एक निरीक्षण. केवळ निरीक्षण.

डाव्या बाजूचा रंग कडेकडेने निस्तेज होत चाललाय, म्हणजे वाळायला लागलाय. मधला एक भाग मात्र ओला आणि चकचकीत आहे. जमिनीपासून उंची एकशे सोळा सेंटिमीटर. आकार असा: वर चार तिरक्या पट्ट्या, खाली एक रुंद गोलसर डाग. डावा हात. माझा नाही, मी उजव्याने तपासतो. शिवाय आकाराने लहान.

बाहेरून कोणी आलेलं नाही. बाहेरच्या दाराला साखळी होती.

कारण: सकाळचा तिरका उजेड. भास.

दुपारी १२.००. उजेड सरळ झाला. हात आहे.

१४ मार्च, शुक्रवार

आज नामुष्की. दुपारी बेडरूमचं दार ओढून आडवा झालो. उठलो तर दार उघडेना, चौकटीला चिकटून बसलेलं. आधी युक्तीने ओढलं, मग रागाने ओढलं, मूठ हातात आली. दीड तास आत. शेवटी खिडकीतून वहिनींना हाक मारली, म्हणजे साधं बोलावलं, ओरडलो वगैरे नाही. खालच्या रिक्षावाल्यांनी वर बघितलं तो योगायोग.

वहिनी डुप्लिकेट किल्लीने आत आल्या आणि त्यांनी दाराला खांदा दिला. च्चट असा आवाज होऊन दार सुटलं. मी आभार मानणार, तर त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या चौकट बघत होत्या.

“भावजी, इथेच ती हात टेकायची ना? सकाळी गुडघ्याला मलम चोळून उठायची तेव्हा?”

मी विचारलं, वहिनी, चहा घेणार का. नको म्हणाल्या. जाताना पाटी वाचून त्या जरा थांबल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ५.४५

आवाज. च्चट. कालचाच, पण हलका. चिकट रंगावरून काहीतरी सावकाश सुटावं तसा. मी अंथरुणात होतो. लाकूड सकाळी प्रसरण पावतं, चिकटलेलं दार सुटतं, साधं शास्त्र आहे. कूस बदलून झोपलो. (झोपलो नाही.)

पावणेसहा ही हिची उठायची वेळ. योगायोग.

सकाळी ७.००. दार काल संध्याकाळपासून सताड उघडं आहे. भिंतीला टेकलेलं. ते कशालाच चिकटलेलं नव्हतं. दुसरं कारण शोधावं लागेल.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ६.००

आवाज सलग तिसऱ्या दिवशी. वेळ पक्की. आमच्या कारखान्यातला भोंगासुद्धा इतका वेळेवर व्हायचा नाही.

मी भीत नाही, हे नोंदवून ठेवतो. गजर साडेपाचचा लावलाय, तो फक्त निरीक्षणासाठी. आवाजाच्या वेळी डोळे मिटलेले असतात, कारण उघडे ठेवून आवाज जास्त ऐकू येत नाही.

आज खोलीतून बाहेर पडताना मी दारात जरा अंग चोरून बाजूला झालो, कोणाला वाट द्यावी तसा. मग स्वयंपाकघरात गेलो. तिथे कोणी नव्हतं. असायचं कारण नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. रंग वाळला का? म्हटलं, जवळजवळ. बँकवाले पडद्यांची मापं मागतायत म्हणाली. तिने माझी खोली तयार ठेवली आहे, खिडकीतून झाड दिसतं. मग म्हणाली, बाबा, राहू दे ना ती चौकट, आहे तशी सोडून या. मी म्हटलं, अर्धवट काम सोडून जाणारा माणूस मी नाही.

थोडा वेळ दोघंही फोनवर गप्प होतो. नेटवर्क चांगलं होतं.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.३०

आज आवाज नाही.

हात जाऊन बघितला. चकाकी उतरलीय, बोटांच्या पट्ट्या पुसट झाल्यात. माप २. म्हणजे खालचं तेल आता संपत आलं असावं. (तेल आहे असं मी मान्य करत नाही. हार्डवेअरवाल्याच्या भाषेत लिहिलं.) याच वेगाने गेलं तर दोन दिवसांत कोरडं. बॅग भरायला घ्यावी.

आनंद झाला, अशी नोंद करतो.

संध्याकाळी ७.००. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. बॅग काढली आणि परत ठेवली.

२२ मार्च, शनिवार

माझाही गुडघा हल्ली दुखतो. डावा. हिच्या मलमाची पिवळी ट्यूब कपाटात अर्धी पडून आहे. वाया जाऊ नये म्हणून सकाळी चोळून घेतलं. कापूर, निलगिरी, आणखी काय काय. सगळ्या खोलीत वास पसरला. उठताना तोल सावरायला चौकटीवर हात टेकला गेला. डावा. मुद्दाम नाही.

२३ मार्च, रविवार. सकाळी ५.४५

आवाज आला.

माप ५. रंगाचा दर्जाच वाईट, दुसरं काय. पुन्हा मलम लावलं. उपचार अर्धवट सोडू नये.

२४ मार्च, सोमवार

तपासणीच्या पद्धतीत सुधारणा. अंगठ्याचं क्षेत्रफळ अपुरं पडतं म्हणून आता डाव्या तळहाताने. वेळ वाढवून पाच मिनिटं. हात काढताना रंग जरा धरून ठेवतो, मग सोडतो.

२५ मार्च, मंगळवार

रंगाच्या कंपनीला कडक पत्र लिहायला बसलो. मुद्दा एक: रंग वाळत नाही. मुद्दा दोन: दार चिकटून माणूस आत अडकतो. मुद्दा तीन: रंग रोज पावणेसहाला उठतो. तिसरा मुद्दा खोडला. वाचून बघितलं तर पत्रात तेवढा एकच मुद्दा दमदार होता. पत्र फाडलं.

२६ मार्च, बुधवार

जुनी पाटी कशाची ते आठवलं. साधी गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी हिच्या मलमाच्या हाताने चौकटीवर डाग पडला होता. मला डाग लगेच दिसतो, पेशाच तो. तेव्हा गंमत म्हणून मी तिथे पाटी लावली, ‘हात लावू नये.’ ही वाचून हसली. दोन-तीन दिवसांनी मीच पाटी काढून टाकली.

एवढंच.

२७ मार्च, गुरुवार

ट्यूब संपली. आधी पिळून काढली, मग लाटण्याने लाटली, मग कात्रीने कापून आतलं बोटाने निपटलं. दुकानात तसलीच ट्यूब मागितली. ती कंपनी बंद झाली म्हणे, दुसऱ्या कंपनीची घ्या. हुंगून बघितली. पुदिन्याच्या टूथपेस्टसारखा वास. घेतली नाही.

गुडघा बरा आहे. तो दुखत नव्हता बहुतेक.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.००

परवाच्या नोंदीत एक दुरुस्ती. ही हसली नव्हती.

उद्या लेक येते. तिच्यासमोर मुद्देसूद बोलायचं: लॉट, मशीन, हवामान. महिनाभर मुदतवाढ मागायची. ती हिशेबी आहे, पटेल तिला.

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.१५

लेक सकाळी अकराला आली. पाणी प्यायली आणि थेट चौकटीपाशी गेली. मी लॉटपासून सुरुवात केली. मशीन सांगितलं. हवामानावर आलो तेवढ्यात तिने चौकटीला नाक लावलं. मी थांबलो.

“बाबा, हा वास ताजा आहे.”

मी म्हटलं, गुडघा. तिने कोणता विचारलं. मी उजवा दाखवला. ती बाथरूममध्ये गेली, तिथल्या डब्यात कापलेली ट्यूब तिला दिसली असणार, कारण बाहेर यायला तिला वेळ लागला. डोळे धुऊन आली होती. पलंगाच्या कडेला माझ्या शेजारी बसली. तिने काही विचारलं असतं तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. तिने विचारलं नाही. मग मीच बोलायला लागलो, आणि तो हवामानाचा मुद्दा नव्हता.

पाटी मी काढली नव्हती. ही दोन दिवस चौकटीला हात न लावता चालली. रोज सकाळी पलंगावरून उठायची, दारात यायची, पाटीकडे बघायची आणि हात मागे घ्यायची. मी अंथरुणातून बघायचो. मला वाटायचं, चला, शिस्त लागली. तिसऱ्या दिवशी दारातच पडली. कोपर सोललं, महिनाभर हात उचलता येत नव्हता. पाटी वहिनींनी उपटून काढली आणि माझ्या अंगावर टाकली. मी ती कपाटात ठेवली, कारण पुठ्ठा चांगला होता. नंतर ही परत तिथे हात टेकायला लागली, पण मी खोलीत नसेन तेव्हाच. मी आलो की काढून घ्यायची. च्चट.

मी लेकीला सांगितलं, तिला हात लावू नको म्हणणारा मीच.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “आई फोनवर सांगायची. म्हणायची, तुझ्या बाबांना रंगवू दे एकदा ती चौकट. ओली असतानाच जाऊन पहिला हात मी लावणार, आणि मग बघते काय करतात ते.”

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं आणि मध्येच बिघडलं. लेकीने माझा हात धरून ठेवला. डावा. तोही चिकटच होता.

नंतर ती म्हणाली, बाबा, ठेवायचा तर ठेवू हा रंग तसाच. भाडेकरूंना सांगू, इथे हात लावू नका.

मी म्हटलं, नको. तेवढं कोणालाही सांगू नकोस. त्यांचेही कधीतरी गुडघे दुखतील.

३० मार्च, रविवार

शेवटी रविवारीच झालं.

लेकीने थिनरची बाटली धरली, पुसलं मी. सगळा रंग सुटून आला, खालची ती जागा लाकडापर्यंत मोकळी झाली. हाताएवढी, गडद. तिच्यावर चिंधी फिरवायला मला चार मिनिटं लागली. दोन पुरली असती.

एक योजना होती, लेकीला सांगितली नव्हती. ती चिंधी डब्यात बंद करून बरोबर न्यायची. वास टिकवण्याची शास्त्रीय पद्धत. डबा धुऊन पुसून तयार होता, बूच घट्ट बसतं की नाही तेही तपासलं होतं. पुसून झाल्यावर चिंधी हुंगली. नुसता थिनर. लेकीलाही हुंगायला दिली. ती म्हणाली, थोडा येतोय बाबा. तिला खोटं बोलता येत नाही, आईवर गेलीय.

सोड्याने धुतली. पॉलिश पेपर मारला. नंबर बरोबर होता. ॲलर्जी झाली नाही. दहा चाळीसला एक हात दिला. चार चाळीसला वाळला. सहा तास, डब्यावर लिहिल्याप्रमाणे. कंपनीबद्दल तक्रार नाही.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ५.४५

साडेपाचपासून जागा. आवाज नाही.

बॅग भरून दाराशी आहे. पाटी लेकीने फाडून टाकली. वहिनी निरोपाला येऊन जातील, या वेळी किल्ली मागून घ्यायची आहे. की राहू द्यावी त्यांच्याकडे.

६.००. शेवटची तपासणी. डावा तळहात, उंची एकशे सोळा, पाच मिनिटं. माप शून्य. हाताला काही लागलं नाही.